सोलापुरी चादर पन्नास पट लहान करायची तर…

दिवाळीतला किल्ला असो की शाळेच्या प्रदर्शनातलं मॉडेल, एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘खरं दिसायला हवं ना? मग खरंच सामान वापर.’ दोरीवर चादर दाखवायची तर चादरीचाच तुकडा काप, खंदकात पाणीच ओत. सल्ला मनापासूनचा असतो, पण चुकीचा असतो. वस्तूची लांबी-रुंदी आपण हवी तेवढी कमी करू शकतो. तिचं वजन, तिचा ताठपणा, पाण्याचा पृष्ठताण (पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणारी ओढ) हे सगळे त्याच प्रमाणात कमी व्हायला तयार नसतात.

समजा, सोलापुरातल्या जुन्या गिरणी कामगारांच्या चाळीचं मॉडेल १:५० प्रमाणात करायचं आहे. साडेपाच फुटी माणूस इथे जेमतेम ३.३ सेंटिमीटर उंच होईल. गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेली चादर हवी म्हणून आपण सुती कापडाचा छोटा तुकडा कापून टाकतो आणि तो दोरीवर तंबूसारखा फाकून बसतो. घडी नाही, झोळ नाही, टोकं हवेत. रंग आणि नक्षी कितीही हुबेहूब असो, बघणाऱ्याला ते चटकन खोटं वाटतं.

असं का होतं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर कोडं वाटतं. कापड खाली लोंबतं ते स्वतःच्या वजनाने, आणि लोंबायला विरोध करतो त्याचा ताठपणा. या दोघांच्या झगड्यातून कापडाची एक स्वतःची लांबी ठरते. इंग्लंडमध्ये सुती कापडावर संशोधन करणाऱ्या एफ. टी. पिअर्स यांनी १९३० साली ती मोजायची सोपी रीत मांडली. कापडाची पट्टी सपाट कडेवरून हळूहळू बाहेर सरकवायची. तिचं टोक ४१.५ अंशांनी खाली झुकलं की बाहेर आलेली लांबी मोजायची आणि तिची निम्मी करायची. साध्या सुती कापडासाठी हे उत्तर काही सेंटिमीटर येतं. म्हणजे त्याहून बरीच लांब चादर झकास लोंबते आणि तेवढाच छोटा तुकडा ताठ राहतो. १:५० च्या मॉडेलमध्ये हीच लांबी एका मिलिमीटरच्याही खाली यायला हवी.

मग पातळ कापड घेऊ, असं वाटेल. इथे थोडं गणित करावं लागतं. एकसंध पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने बदलतो, वजन मात्र नुसत्या जाडीने. कापडाच्या त्या स्वतःच्या लांबीचा घन या दोन्हींच्या भागाकारावर ठरतो, म्हणून तो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. लांबी ५० पट कमी करायची तर जाडी सुमारे ३५० पट कमी हवी. एक मिलिमीटर जाडीची चादर धरली, तर मॉडेलची चादर ३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास येते. कापसाचा एक तंतूच साधारण १२ ते २० मायक्रॉन रुंद असतो! तंतूपेक्षा पातळ कापड कुठल्या मागावर विणणार?

खरं कापड अर्थात एकसंध पत्रा नसतो. सुतातले तंतू एकमेकांवरून सरकतात, म्हणून ते मऊ लागतं. शंभर तंतू मोकळे असतील तर ताठपणा शंभर तंतूंच्या बेरजेइतका; तेच चिकटवून भरीव काडी केली की त्याच्याही शंभर पट. म्हणून कापडाच्या तुकड्याला फेविकॉल फासून लोंबवायला जाणारे काम आणखी अवघड करतात.

तेव्हा वजनावर विसंबायचंच नाही. आपण दिलेला आकार जो धरून ठेवतो, तो पदार्थ निवडायचा. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो आणि वाकवला की वाकलेलाच राहतो. टिश्यू पेपर त्याहून सरस. त्याचे पदर सुटे करून एकच घ्यायचा, पाणी घातलेल्या फेविकॉलने भिजवायचा आणि ओला असतानाच ब्रशच्या टोकाने घड्या पाडायच्या. पाण्यामुळे सेल्युलोजच्या (कागद आणि कापूस ज्याचे बनतात त्या पदार्थाच्या) रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल होतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. सुती शर्टाला पाणी शिंपडून इस्त्री करतो तेव्हा हेच घडतं. फेविकॉल नंतर तंतू जखडून टाकतो, आणि इथे आपल्याला तेच हवं असतं. चादरीची नक्षी सुकल्यावर रंगवावी.

प्रमाण बदललं की गुणधर्म बदलतात, हे एकदा कळलं की ‘मोठ्या पिरॅमिडची शक्ती छोट्या पिरॅमिडमध्ये उतरते’ म्हणून घरात ठेवायला विकल्या जाणाऱ्या वास्तुदोषनिवारक खेळण्यांकडेही नीट बघता येतं. निव्वळ आकार सारखा असल्याने साध्या चादरीचं लोंबणंसुद्धा उतरत नाही.

भुईकोटाच्या खंदकातल्या पाण्याचीही हीच गत. पृष्ठताणामुळे भिजणाऱ्या भिंतीलगत पाणी साडेतीन-चार मिलिमीटर वर चढतं. १:५० ला याचा अर्थ पाणी तटावर जवळपास वीतभर चढलंय! म्हणून पारदर्शक इपॉक्सी रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं द्रवरूप प्लॅस्टिक) वापरतात. तेही कडेला चढतंच, पण घट्ट झाल्यावर ती कड खरवडता येते किंवा वाळू-गवताने झाकता येते. रेझिन पातळ थरांत ओतावं, कारण जाड थर घट्ट होताना बराच तापतो.

एका ठिकाणी मात्र खरा पदार्थच जिंकतो : आपली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते आणि भेगाळते. दोन भेगांमधलं अंतर थराच्या जाडीनुसार ठरतं, साधारण जाडीच्या काही पट. थर पातळ केला की भेगा आपोआप जवळजवळ येतात. लहान प्रमाण माती स्वतःच सांभाळते. उन्हाळ्यातलं भेगाळलेलं रान करायचं असेल तर माती वस्त्रगाळ करून तिचा दोन-तीन मिलिमीटरांचा थर खरबरीत फळीवर द्यावा. गुळगुळीत, तेलकट पृष्ठभागावर थर सरकत सरकत अख्खा आकसतो आणि नीट भेगाळत नाही. खाली फळीने धरून ठेवलं तरच तो तडकतो.