रुमालातले कागद आणि फाइलींची नावं

पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुने कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि असे रुमाल हजारोंनी आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यांतले निवडक कागद १९३०च्या दशकात ४५ खंडांत छापले. असा एखादा रुमाल आज सोडला आणि प्रत्येक कागद पाठपोट स्कॅन केला, की बघता बघता फाइलींचा ढीग होतो. मग प्रश्न येतो, त्यांना नावं काय द्यायची?

संगणकाला नावाचा अर्थ कळत नाही. प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक यादीत, एक क्रमांक असतो आणि साधा प्रोग्राम डावीकडून एकेक चिन्ह ताडून यादी लावतो. त्यामुळे ‘१०’ हे ‘२’च्या आधी येतं, कारण पहिल्याच चिन्हावर निकाल लागतो. ‘००२’, ‘०१०’ असं शून्यं भरून लिहिलं की क्रम बसतो. फक्त जास्तीत जास्त किती आकडे लागतील हे आधी ठरवावं लागतं. तारखेचंही असंच. ‘१४-०१-१७६१’ असं लिहिलं तर सगळ्या वर्षांतल्या चौदा तारखा शेजारी येऊन बसतात. ‘१७६१-०१-१४’ लिहिलं तर यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. आयएसओ ८६०१ हे तारखा लिहिण्याचं, १९८८ साली आलेलं आंतरराष्ट्रीय मानक वर्ष आधी लिहायला सांगतं.

मराठी नावांची अडचण मात्र खोल आहे. ‘साताऱ्याचे पत्र’ हेच नाव घ्या. यातला ‘ऱ्य’ तीन तऱ्हांनी साठवता येतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, ‘र’ला नुक्ता (खालचा ठिपका) आणि हलन्त देऊन, किंवा ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या रीतीने, पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. म्हणजे एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावं असू शकतात, आणि शोध घेतला तर एकच सापडतं. आकड्यांतही दुफळी आहे. इंग्रजी एकचा क्रमांक ४९, देवनागरी ‘१’चा २४०७. अर्धी नावं अशी आणि अर्धी तशी असली, तर एका रुमालाच्या दोन रांगा होतात. शिवाय लिनक्स या संगणकप्रणालीवर नावाला साधारणपणे २५५ बाइटांची (बाइट हे साठवणीचं माप) मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘क्षत्रिय’ या एका शब्दालाच २४ लागतात.

म्हणून फाइलीच्या नावात साधी रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवावं, असं मी आग्रहाने सांगेन. मराठीची जागा नोंदसूचीत, म्हणजे प्रत्येक फाइलीची माहिती लिहिलेल्या यादीत आहे. तिथे ती पूर्ण, सविस्तर आणि एकाच पद्धतीने लिहावी.

तारीख तरी नावात घालावी का? आजच्या सभेच्या इतिवृत्तासाठी जरूर घालावी. जुन्या कागदासाठी मुळीच नको. पेशवेकालीन पत्रात बऱ्याचदा ‘छ’ लिहून चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना दिलेला असतो, साल नसतंच. ते अभ्यासक मजकुरावरून ठरवतात, आणि पुढे दुसरा पुरावा मिळाला की बदलतात. साल नावात असेल तर नावही बदलावं लागेल, आणि जुन्या नावाचा हवाला देणारी प्रत्येक तळटीप निरुपयोगी होईल. नावात फक्त न बदलणाऱ्या गोष्टी असाव्यात: रुमाल, कागद, पान, बाजू. उदाहरणार्थ ‘01207-0345-002-1’. पाठवणारा, विषय, तारीख हे सगळं सूचीत. संशयित सालासाठी आयएसओ ८६०१च्या २०१९च्या दुसऱ्या भागात प्रश्नचिन्हाची सोय आहे; विंडोज फाइलीच्या नावात ते चिन्ह स्वीकारतही नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नाव फाइलीच्या मजकुरात नसतं, ते फोल्डरच्या नोंदीत असतं. त्यामुळे ते चुकून पुसलं गेलं तर चित्र शाबूत राहूनही कागद हरवतो. यावर उपाय आहे. एसएचए-२५६ ही गणिती रीत फाइलीच्या मजकुरातून ६४ चिन्हांचा ठसा काढते. नाव बदललं तरी ठसा तोच राहतो, चित्रातला एक ठिपका बदलला तर ठसा पार बदलतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सहभागाने तयार झालेल्या ‘बॅगइट’ पद्धतीत प्रत्येक फाइलीचा ठसा आणि नाव एका साध्या यादीत लिहून ती यादी फाइलींसोबतच ठेवतात; नाव पुसलं गेलं तर ठसा पुन्हा काढून यादीत ते शोधता येतं. स्कॅनिंग संपलं त्याच दिवशी ही यादी करावी, आणि तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी.