कॉलेज हॉकीच्या कॉन्फरन्स टीव्हीने फोडल्या, आणि तो पैसा हॉकीचा नव्हताच

आधीच सांगतो, इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, ध्यानचंदवाली नाही. अमेरिकेत डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, ही हॉकी खेळणारी कॉलेजं साठ-पासष्टच्या आसपास आहेत आणि ती पाच-सहा कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या गटांमध्ये, वाटलेली आहेत. तुमची कॉन्फरन्स कुठली यावर सगळं ठरतं, वर्षभर कोणाशी खेळायचं, बस किती तास चालवायची, आणि कॉन्फरन्सची ट्रॉफी जिंकली तर १६ टीमच्या नॅशनल टुर्नामेंटमध्ये थेट एंट्री.

२०१३ च्या मार्चमध्ये यातली सीसीएचए ही १९७१ पासूनची कॉन्फरन्स बंद पडली. शेवटची फायनल डेट्रॉइटच्या जो लुइस अरीनात झाली, नोटर डेमने मिशिगनला हरवलं आणि विषय संपला. त्याच वर्षी पश्चिमेकडची डब्ल्यूसीएचएसुद्धा अर्धी रिकामी झाली. लोक म्हणतात हे पेन स्टेट या युनिव्हर्सिटीने नवी हॉकी टीम काढल्यामुळे झालं, ते अर्धं खरं आहे, पण मूळ बघायचं तर १९८४ मध्ये जावं लागतं आणि तिथे हॉकीचा संबंधच नाही.

तोवर कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, आपला नाही) किती मॅच टीव्हीवर दाखवायच्या आणि कोणाच्या, हे एनसीएए ही कॉलेज खेळांची देशपातळीवरची संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की ही मक्तेदारी चालणार नाही, आणि तिथून टीव्हीचे हक्क विकायची ताकद कॉलेजांकडे आणि पर्यायाने त्यांच्या कॉन्फरन्सकडे आली. म्हणजे जी गोष्ट आधी शेजारच्या कॉलेजांनी मिळून वेळापत्रक लावायची सोय होती ती हळूहळू टीव्हीला माल विकणारी कंपनी झाली.

बिग टेन या मोठ्या फुटबॉल-बास्केटबॉल कॉन्फरन्सने यात सगळ्यात पुढचं पाऊल टाकलं. २००७ च्या ऑगस्टमध्ये फॉक्ससोबत त्यांनी स्वतःचं चॅनल काढलं, बिग टेन नेटवर्क. कमाई केबलच्या दर घरामागे महिन्याच्या फीमधून, त्यामुळे जितकी घरं तितका पैसा (म्हणूनच पुढे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या बाजारपेठेसाठी रटगर्स आणि मेरीलँडला आत घेतलं, दोघांकडे डिव्हिजन वनची हॉकी टीम नाही). पण चोवीस तासांच्या चॅनलला शनिवारचा फुटबॉल पुरत नाही. हिवाळ्यात रात्रीच्या रात्री भरायच्या असतात, बास्केटबॉल आहे पण अजून लाइव्ह काहीतरी हवंच असतं, आणि मिशिगन, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट, मिनेसोटा, विस्कॉन्सिन हे पाच दणदणीत हॉकी प्रोग्रॅम घरातच होते. फक्त पहिले तीन सीसीएचएमध्ये खेळत होते आणि उरलेले दोन डब्ल्यूसीएचएमध्ये. स्वतःची हॉकी कॉन्फरन्स करायला सहा लागतात. सहावा नव्हता.

सप्टेंबर २०१० मध्ये पेन स्टेटचे माजी विद्यार्थी टेरी पेगुला, नॅचरल गॅसमध्ये पैसा कमावलेले, यांनी ८.८ कोटी डॉलर दिले, अरीनासाठी आणि डिव्हिजन वनची टीम सुरू करण्यासाठी. सहावा मिळाला. मार्च २०११ मध्ये बिग टेन हॉकीची घोषणा, २०१३-१४ पासून सुरू.

आता डब्ल्यूसीएचएच्या बाजूने बघा. १९५१ पासूनची जुनी कॉन्फरन्स, मिनेसोटा विरुद्ध नॉर्थ डकोटा म्हणजे कट्टर वैर, आणि त्यातून मिनेसोटा-विस्कॉन्सिनसारखी प्रेक्षक आणि टीव्ही दोन्ही खेचणारी नावं निघून जाणार. नॉर्थ डकोटा, डेन्व्हर, कोलोरॅडो कॉलेज, मिनेसोटा डुलुथ, नेब्रास्का ओमाहा आणि सीसीएचएमधलं मायामी, म्हणजे ओहायोतलं, या सहा जणांनी थांबायचं नाही ठरवलं, जुलै २०११ मध्ये वेगळी चूल मांडली, एनसीएचसी. नंतर सेंट क्लाउड स्टेट आणि वेस्टर्न मिशिगन आले. टीव्हीसाठी सीबीएस स्पोर्ट्स नेटवर्कशी करार केला. नोटर डेमचं फुटबॉल १९९१ पासून एनबीसी चॅनलवर, हॉकीसाठी ते आधी पूर्वेकडच्या हॉकी ईस्टमध्ये गेले आणि २०१७ मध्ये बिग टेन हॉकीत.

मला सगळ्यात लागतं ते जे मागे राहिले त्यांचं. लेक सुपीरियर स्टेट, कॅनडाच्या सीमेवरच्या सू सेंट मेरी गावातलं छोटंसं कॉलेज, यांनी १९८८, १९९२, १९९४ अशी तीनदा नॅशनल चॅम्पियनशिप जिंकलीये. बोलिंग ग्रीनने १९८४, नॉर्दर्न मिशिगनने १९९१. मिशिगनसारखी मोठी टीम दरवर्षी गावात यायची, रिंक भरायचं, आणि ते एका झटक्यात गेलं, आणि कारण काय तर दुसऱ्याच खेळासाठी काढलेल्या चॅनलचं गणित.

हे सगळे उरलेल्या डब्ल्यूसीएचएमध्ये एकत्र आले, अलास्काच्या दोन टीम आणि अलाबामा हंट्सव्हिल यांच्यासोबत. टीव्हीचा पैसा जवळपास नाही आणि विमानाचा खर्च मात्र अवाढव्य. २०१९ मध्ये सात कॉलेजांनी बाहेर पडायचं जाहीर केलं, २०२१ मध्ये सीसीएचए हेच जुनं नाव घेऊन नवी कॉन्फरन्स उभी केली आणि पुरुषांची डब्ल्यूसीएचए सत्तर वर्षांनी संपली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना जगायचं होतं. पण अलास्काच्या दोघांना कॉन्फरन्सच उरली नाही, आणि हंट्सव्हिलला कोणी घेईना म्हणून मे २०२१ मध्ये त्यांनी टीमच थांबवली.

बरं, बिग टेनला बर्फावर काय मिळालं? मिशिगन, मिनेसोटा नियमित फ्रोझन फोरला, म्हणजे नॅशनल टुर्नामेंटच्या शेवटच्या चारात, पोचतात, पण २०१४ ते २०२५ मध्ये चॅम्पियनशिप एकही नाही. २०२३ ला मिनेसोटा फायनलमध्ये क्विनिपिअ‍ॅककडून ओव्हरटाइममध्ये हरले. एनसीएचसीने मात्र २०१६ ते २०२५ मध्ये सात नेल्या. बिग टेनची टुर्नामेंट आधी सेंट पॉल आणि डेट्रॉइटच्या मोठ्या अरीनात आलटून पालटून व्हायची, तिथे खुर्च्या इतक्या रिकाम्या दिसायच्या की २०१८ पासून मॅच कॉलेजांच्या स्वतःच्या रिंकवर आणल्या, आणि त्याच सेंट पॉलमध्ये जुन्या डब्ल्यूसीएचएच्या फायनल फाइव्ह टुर्नामेंटला गावोगावचे लोक आपापल्या टीमच्या जर्सी घालून गर्दी करायचे.

आणि हलवाहलव अजून चालूच आहे. अ‍ॅरिझोना स्टेट २०२४ मध्ये एनसीएचसीत आलं, सेंट थॉमस २०२६ मध्ये सीसीएचए सोडून तिकडेच जाणार असं ठरलंय.