'तंबाखूचे दुष्परिणाम': एका प्रहसनाची सोळा वर्षं

अंतोन चेखॉव्हची 'तंबाखूचे दुष्परिणाम' ही एकपात्री एकांकिका बसवायला घेताना आधी पाहावं, हातात कोणती संहिता आहे. १८८६ ते १९०२ या काळात चेखॉव्हने ती अनेकदा बदलली.

पहिली संहिता फेब्रुवारी १८८६ची. ग्रादोव्ह-सोकोलोव्ह या विनोदी नटासाठी ती मनात होती. हाताशी अडीचच तास होते, त्यामुळे ती बिघडली, असं चेखॉव्हनेच पत्रात लिहिलं. तरी ती 'पीटर्सबर्ग गॅझेट'मध्ये छापून आली. व्याख्याता न्यूखिन तिथे दम्याने बेजार होतो. हशा हुकमी मिळतो, पण माणूस हाती लागत नाही.

१८९९ साली चेखॉव्हने आपल्या लेखनाचे हक्क प्रकाशक मार्क्सला ७५,००० रूबलना विकले. त्यात हे प्रहसनही गेलं. ऑक्टोबर १९०२ मध्ये याल्टाहून, क्षयाने जर्जर असताना, त्याने मार्क्सला कळवलं की जुनं वगळा. शीर्षक आणि पात्राचं आडनाव तेवढं ठेवून पूर्ण नवं लिहिलं आहे. १९०३च्या समग्र आवृत्तीत आली ती ही संहिता, आणि करावी तीच.

इथला न्यूखिन स्वतः धूम्रपान करतो. व्याख्यानाचा विषय बायकोने नेमून दिलेला. तंबाखू चार वाक्यांत मागे पडते आणि घर बाहेर येतं. लग्नाला ३३ वर्षं, सात मुली, बायकोची संगीतशाळा आणि मुलींचं वसतिगृह. किराणा आणणं, खर्च लिहिणं, ढेकूण मारणं, उंदीर पकडणं, बायकोचं कुत्रं फिरवणं, सगळं याच्याकडे. बायको त्याला म्हणते 'बुजगावणं'.

सगळा भार आहे तो लग्नातल्या कोटावर. न्यूखिन तो अंगातून ओरबाडून काढतो, पायाखाली तुडवतो आणि आतल्या बिनबाह्यांच्या जाकिटाची झिजलेली पाठ प्रेक्षकांना दाखवतो. कपडेपटातून धड जाकीट आणलं की हा क्षण वाया गेलाच. प्रवेश करताना तो ऐटीत वाकून जाकीट नीट करतो, ही रंगसूचना म्हणूनच गाळू नये.

दुसरी चूक म्हणजे पहिल्या वाक्यापासून रडका सूर. विंगेत बायको दिसताच तो घाईने कोट चढवतो, 'बुजगावणं नीट वागलं असं तिला सांगा' म्हणून प्रेक्षकांना विनवतो, एक लॅटिन वाक्य फेकतो आणि पुन्हा ऐटीत निघून जातो. ही ऐट सुरुवातीला दाखवलीच नसेल, तर शेवटी ती येणार कुठून?