वावधान सुटण्याआधी होडी कशी बांधावी
जायकवाडी, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर आणि मांजरा धरणांवरील होडीमालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फुटक्या होड्या बहुतेक काठावर आपटून फुटलेल्या असतात. भर पाण्यात बुडालेल्या कमी. होडी काठाशी एका दोराने बांधलेली असते, खाली दगडाचं पिचिंग असतं, आणि वारा सुटला की प्रत्येक लाट तिला उचलून दगडावर आपटते. फायबरचा थर आधी पांढरा पडतो, मग चिरतो, आणि त्याच जागी मार बसत राहिला की तळाला भोक पडतं. हे नक्की टाळता येतं. त्यासाठी आदल्या दिवशीचा तासभर आणि जमिनीत आधीच पुरून ठेवलेली बांधणी लागते.

वारा कोणता, धोका कोणता

मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत वळवाचे दिवस. दुपारनंतर आभाळ भरून येतं, उकाडा एकदम थांबतो आणि पावसाआधी थंड वारा अंगावर येतो. ढगातून वेगाने खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चौफेर पसरते, म्हणून या वाऱ्याची दिशा धरून चालता येत नाही. आता पश्चिमेचा आहे तो थोड्या वेळात उत्तरेचा होतो. ‘आमचा काठ आडोशाचा आहे’ असं म्हणून होडी पाण्यात ठेवणारे इथेच फसतात.

दुसरा प्रकार बंगालच्या उपसागरातून येतो. सप्टेंबर 2021 मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं आणि त्याचा उरलेला कमी दाबाचा पट्टा मराठवाड्यावर आला, तेव्हा इथे अतिवृष्टी आणि पूर झाला. अशा वेळी वाऱ्यापेक्षा पाण्याची पातळी घात करते. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, वरच्या नाशिक-अहिल्यानगर भागातलं पाणी उतरतं, त्यामुळे पैठणला ऊन असतानाही पाणी चढू शकतं. काठाला आखूड बांधलेली होडी चढत्या पाण्यात नाकाने खाली ओढली जाऊन भरते.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला साधारण 4 किलो, 60 ला 17 किलो आणि 90 ला जवळपास 39 किलो. वेग तिप्पट झाला की जोर नऊपट होतो. रोजच्या वाऱ्यात टिकलेली बांधणी वावधानात टिकेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

आधी छत उतरवा

बोटिंगच्या होड्यांचं ताडपत्रीचं छत हे वादळात शीडच असतं. 3 मीटर बाय 2 मीटरच्या छताखाली 90 चा वारा शिरला तर 200 किलोंच्या वर उचल बसते, आणि ती नटबोल्टमधून थेट होडीच्या कडेवर येते. कापड गुंडाळून तिथेच बांधून ठेवलं तर वारा ते सोडवतो. कापड काढून घरी न्या, पाइपचा सांगाडाही उतरवा. गाद्या, जॅकेट, वल्ही, जाळी, पेट्रोलची टाकी, बॅटरी, सगळं बाहेर काढा. बॅटरी सोडताना काळी वायर आधी, लाल नंतर. मशीन, म्हणजे मागच्या फळीवरचं इंजिन, उतरवून उभंच ठेवा. आडवं टाकायची वेळ आली तर कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या कुशीवरच टाका, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

होडी बाहेर ओढा आणि पालथी घाला

18 फुटांपर्यंतच्या मासेमारीच्या होडीला याहून चांगला उपाय नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरून काठाला गाळ उघडा पडतो. त्या गाळाच्या वर, गेल्या पुराची कचऱ्याची रेघ दिसते तिच्याही पलीकडे होडी न्या. झाडाखाली ठेवू नका. बाभळीची फांदी पडते आणि वीजही तिथेच शोधत येते.

जमिनीवर चार जुने टायर टाकून होडी त्यावर पालथी ठेवा. कड जमिनीला जितकी जवळ, तितका वारा खाली कमी शिरतो. वाऱ्याच्या बाजूला मातीची पोती लावून फट बुजवली तर आणखी बरं. 18 फुटी होडीचं आडवं क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटरच्या आसपास भरतं. 90 च्या वाऱ्यात तिला सुटणारी उचल होडीच्या स्वतःच्या वजनाहून जास्त होऊ शकते. नुसती पालथी घातलेली होडी त्यामुळेच शेजारच्या वावरात सापडते.

होडी मोठी असेल, पालथी घालणं शक्य नसेल, तर सरळ ठेवा, पण तळाचं बूच काढून आणि नाक थोडं वर करून. 50 मिलिमीटर पाऊस पडला तर एवढ्याच होडीत सव्वातीनशे लिटर पाणी साचतं. तेवढ्या वजनाने टेकू नसलेल्या जागी तळ वाकतो. काढलेलं बूच दोरीने होडीलाच बांधून ठेवा.

जमिनीतली बांधणी: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

काळ्या मातीत दोन फुटी खुंट ठोकून होडी बांधतात. मे महिन्यात ती माती भेगाळलेली असते, खुंट भेगेच्या कडेला बसतो आणि हलवला की हलतो. पहिल्याच सरीत भेगेतून पाणी खुंटाच्या टोकापर्यंत जातं, माती लोण्यासारखी होते आणि खुंट हाताने निघतो. दोर शाबूत, गाठ शाबूत, होडी गायब.

त्याऐवजी खुंट आडवा पुरा. होडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे चार खड्डे घ्या, प्रत्येक तीन फूट खोल. तीन फुटी जाड लाकडाच्या किंवा जुन्या लोखंडी पाइपच्या मध्यावर 8 मिलिमीटरची साखळी गुंडाळून तो खड्ड्यात आडवा ठेवा, साखळीचं टोक वर काढा, आणि माती अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थराने पाणी मारत धुमसून भरा. सगळी माती एकदम लोटली तर धुमसणं वरवरचं होतं. साखळी होडीच्या दिशेने तिरपी बाहेर निघावी म्हणून खड्ड्याच्या त्या भिंतीला चर मारा, म्हणजे ओढ न खणलेल्या घट्ट मातीवर येते. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा करून ठेवा. आभाळ आल्यावर खड्डे खणत बसायला वेळ नसतो.

होडीवरून आडवे दोन पट्टे घ्या, एक नाकाकडून पाऊण मीटरवर, दुसरा मागून तेवढ्याच अंतरावर. ट्रकवर माल आवळायचा दोन इंची रॅचेट पट्टा उत्तम. दोर वापरणार असाल तर 12 मिलिमीटरचा.

दोर

बाजारात निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त मिळतो. तो तरंगतो, ताण फारसा खात नाही आणि उन्हात कुजतो. पीळ उघडून पाहा, आतून पांढरी पूड झडली तर तो दोर बकरी बांधायलाही ठेवू नका. पाण्यातल्या होडीला नायलॉनच हवा, कारण तो ताणला जाऊन लाटेचा झटका गिळतो. 12 मिलिमीटरच्या नव्या नायलॉनची ताकद दोन टनांच्या वर असते, पण गाठ मारली की त्यातली तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जाते.

दोर तुटतो तो बहुतेक घासून. कडेवरून जिथे वळतो तिथे जाड कॅनव्हास किंवा अग्निशमनाच्या जुन्या कापडी पाइपचा फूटभर तुकडा चढवा आणि सुतळीने जागेवर आवळा. प्लास्टिकचा बागेतला पाइप घालू नका. नायलॉन ताण घेताना आतून तापतो, प्लास्टिक ती उष्णता कोंडतं आणि पावसाचं पाणीही आत पोचू देत नाही, मग दोर आतून वितळून तुटतो.

होडी पाण्यातच ठेवणं भाग असेल तर

मोठ्या बोटिंगच्या होड्यांना काही वेळा इलाज नसतो. अशी होडी पिचिंगपासून लांब, मोकळ्या पाण्यात फक्त नाकाने नांगरा, म्हणजे ती वाऱ्याबरोबर फिरून तोंड लाटेकडे ठेवते. मागची फळी बुटकी असते, मागून बांधली की दोन-चार लाटांत भरते. शेजारच्या होडीला बांधू नका, दोघी एकमेकींना फोडतात.

नांगराचा दोर खोलीच्या दहापट सोडा. 2 मीटर पाणी आणि अर्धा मीटर नाकाची उंची धरली तर 25 मीटर, त्यात नांगराकडचे 3 मीटर साखळी. साखळी दोराला तळाशी आडवं ठेवते, आणि आडव्या ओढीनेच नांगर गाळात रुततो. दगड बांधून नांगर करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: 50 किलोचा काळा दगड पाण्यात 33 किलोच भरतो, आणि सिमेंटचा ठोकळा 30 किलोच्या आत. शिवाय तो रुतत नाही, घसरत जातो. गाळासाठी रुंद पात्याचा लोखंडी नांगर घ्या.

जेट्टीला बांधायची असेल तर दोर आखूड सरळ न घेता पुढे-मागे तिरपे आणि लांब घ्या, मध्ये टायर लोंबवा. पाणी चढेल-उतरेल तसे दोर सैल-घट्ट करावेच लागतात, पण ते जेट्टीवरून. वारा सुटल्यावर होडीत कोणीही बसायचं नाही.

माणसं आधी

वीज चमकल्यावर गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. पाण्यात असाल तर जाळं तसंच सोडून जवळच्या काठाला लागा, आपल्या गावचाच काठ गाठायचा हट्ट नको. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्यात उतरू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी येतो तो वाचत जा. नारंगी इशारा असलेल्या दिवशी जाळी सकाळीच उचला.

वादळ ओसरल्यावर

मशीन पाण्यात बुडालं असेल तर दोरी ओढून पाहण्याचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन दाबला गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, प्लगची भोकं खाली करून हाताने हळू फिरवत पाणी काढा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या. मशीन चालू असताना बुडालं असेल किंवा फिरवताना अडकलं, तर हात लावू नका, तसंच आणा.

होडीचा तळ रुपयाच्या नाण्याने इंच-इंच वाजवत जा. टणक आवाज बदलून बद्द वाजला की तिथे आतले थर सुटले आहेत, वरून चीर दिसो न दिसो. त्या जागेभोवती खडूने रेघ मारा. विमा असेल तर काहीही हलवण्याआधी फोटो काढा. चिरेवर घरी एम-सील लावू नका, ते खरवडून काढण्यातच दुरुस्तीचा निम्मा वेळ जातो. होडी सावलीत पालथी घालून चार-पाच दिवस पूर्ण वाळवा, मग आणा. ओल्या फायबरवर रेझिन धरत नाही, आणि घाईने मारलेला थर पुढच्या हंगामात पापडासारखा सुटतो.