टोंगळ्यातलं ‘ग्रीस’ संपत नसतं हो

आमच्या जळगावकडे चाळिशी ओलांडली की कोणीतरी सांगतंच, टोंगळ्यातलं (म्हणजे गुडघ्यातलं) ग्रीस संपलं, आता व्यायाम बंद कर नाहीतर उरलंसुरलं पण झिजेल. माझ्या मावशीने हे मनावर घेतलं, दोन वर्षं नुसती बसून, आता ओट्याच्या तीन पायऱ्या पण कठडा धरून चढते.

अहो, गुडघा म्हणजे बैलगाडीचं चाक थोडंच आहे! सांध्यातलं वंगण शरीर बनवतच राहतं, आणि कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिला पोषण याच वंगणातून मिळतं, हालचालीने दाब पडतो-सुटतो तेव्हा. बसून राहिलं की मांडीचे स्नायू ढिले आणि भार सांध्यावर. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये पण झिजेच्या संधिवाताला व्यायाम सांगितलाच आहे.

फक्त प्रकार बदला. उड्या, खोल उठाबशा सध्या नको. खुर्चीवर जाड उशी ठेवून उठा-बसा, म्हणजे गुडघा कमी वाकतो. बाजेवर पडून पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच सेकंद धरा (मावशी तीनवरच सोडते). थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी जास्त ठणकलं तर जितक्या वेळा करता तो आकडा निम्मा करा. गुडघा सुजला, गरम लागला किंवा अडकला तर मात्र आधी डॉक्टर.