सिलिकॉन समजून सोमल

भाताच्या रोपाला सिलिकॉन हवेच असते. त्याने काडी ताठ राहते, पान कडक होते, कीड सहज शिरत नाही. ते शोषून घ्यायला मुळांत खास वाहक प्रथिने असतात आणि फसगत तिथेच होते. पाणी साचलेल्या चिखलात हवा पोचत नाही, तेव्हा मातीतल्या आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याचे आर्सेनाइट हे रूप बनते. त्याचा रेणू सिलिकॉनच्या आम्लाशी इतका मिळताजुळता, की मुळे त्यालाही आत घेतात. हा मार्ग २००८ साली उलगडला. कोरड्या रानातला गहू यातून बराचसा सुटतो, भाताच्या दाण्यात मात्र इतर धान्यांच्या साधारण दहापट आर्सेनिक साठू शकते.

नाव परके वाटले तरी या विषाशी आपली ओळख जुनी आहे. पांढरा सोमल म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड आणि पिवळा हरताळ म्हणजे सल्फाइड. पोथीतली चूक झाकायला फासत तो हाच हरताळ.

आर्सेनिकची सर्वांत मोठी झळ बंगालला बसली. तळ्यांचे दूषित पाणी पिऊन मुले हगवणीने दगावत, म्हणून १९७०च्या दशकात पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात गावोगावी हातपंप बसले. हेतू चांगलाच होता. पण गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालयातून आणलेल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीखाली जिवाणू ते लोह विरघळवतात, आर्सेनिक सुटते आणि उथळ बोअरच्या पाण्यात उतरते. १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी तळहात-तळपाय जाड झालेले, अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग पडलेले रुग्ण पाहून हा आजार ओळखला. पुढे बांगलादेशात दूषित पंप लाल आणि सुरक्षित पंप हिरवे रंगवले गेले.

लाल पंपाचे पाणी लोकांनी सोडले, पण उन्हाळी ‘बोरो’ भाताला पाणी मिळत राहिले ते बहुतेक उथळ बोअरचेच.

जरा हिशेब करू. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. दोन लिटर पाण्यातून झाले २०. पॉलिश केलेल्या तांदळासाठी आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादा किलोला २०० मायक्रोग्रॅम. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या शेतमजुराच्या पोटात त्या मर्यादेतल्या तांदळातूनही ८० जाऊ शकतात, म्हणजे पाण्याच्या चौपट. एक वाटी भात खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. मला काळजी वाटते ती ज्याच्या ताटात भाताचा ढीग आणि डाळ नावापुरती असते, त्याची.

कारण डाळ-भाजी इथेही कामाची आहे. यकृत आर्सेनिकला मिथाइल गट जोडते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. फोलेट (डाळी-पालेभाज्यांतले एक ब जीवनसत्त्व) आणि प्रथिने कमी पडली की हे काम मंदावते. आर्सेनिकला चव नाही, वास नाही. वर्षानुवर्षे थोडे थोडे जात राहिले की त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाचा कर्करोग, तसेच हृदयविकार यांचा धोका वाढतो. वजनाच्या मानाने मुलांच्या वाट्याला ते जास्त येते. त्यामुळे बाळाला रोज तांदळाचीच पेज न देता नाचणी, मूगही द्यावेत.

मासे खाणाऱ्यांनी घाबरू नये. समुद्री मासळीतले आर्सेनिक बहुतांशी आर्सेनोबीटाइन या निरुपद्रवी रूपात असते आणि ते तसेच बाहेर पडते. हातसडीच्या तांदळात मात्र ते पॉलिश केलेल्यापेक्षा जास्त, कारण ते कोंड्यात साठते.

स्वयंपाकघरातला उपाय आपल्याकडच्या जुन्या बायकांना ठाऊकच होता, कारण मात्र वेगळे होते. तांदूळ नीट धुवायचा, सहापट पाण्यात शिजवायचा आणि भात वेळायचा, म्हणजे वरचे पाणी काढून टाकायचे. यात निम्म्याच्या आसपास घातक आर्सेनिक निघून जाते, सोबत काही ब जीवनसत्त्वेही जातात. कुकरमध्ये सगळे पाणी भातातच मुरते, त्यामुळे हा फायदा मिळत नाही. वेळून काढलेली पेज अशा वेळी पिऊ नये.

बंगालमध्ये भाताचे पाणी काढून टाकायची पद्धत पूर्वीपासून आहे. पण शिजवायला लाल पंपाचेच पाणी घेतले, तर भात ते शोषून घेतो आणि दाण्यातले आर्सेनिक कमी होण्याऐवजी वाढते. चुलीवरच्या पातेल्यालाही हिरव्या पंपाचेच पाणी हवे, मग तो पंप घरापासून कितीही लांब असो.