इंजिन ऑइल फक्त वंगण नाही, ते इंजिन गारही ठेवतं

पेट्रोल पेटतं तेव्हा सिलिंडरमध्ये क्षणभर तापमान २००० अंशांच्या वर जातं, आणि पिस्टन बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा, जे ६६० अंशांच्या आसपास वितळतं! तरी तो टिकतो, कारण भडका काही मिलीसेकंदांचा असतो आणि पिस्टनमध्ये शिरलेली उष्णता लगेच बाहेर काढली जाते. आता कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरतं ते सिलिंडरच्या भिंतीभोवती आणि हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, पण पिस्टन तर सारखा वरखाली पळतोय, त्याच्यापर्यंत पाणी नेणार कसं? तिथे ऑइलच पोचतं.

बऱ्याच टर्बो आणि डिझेल इंजिनांत पिस्टनखाली छोटे नोझल असतात, ते पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची धार मारत राहतात. मोठ्या डिझेलच्या पिस्टनला तर डोक्याच्या आत गोल पोकळी असते, धार एका भोकातून आत शिरते, पिस्टनच्या हिसक्यांनी ऑइल आतल्या आत जोरात हिंदकळतं, भिंतींची उष्णता ओढून घेतं आणि दुसऱ्या भोकातून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, पडतं. अख्ख्या इंजिनात मला हीच युक्ती सगळ्यात जास्त आवडते. बऱ्याचदा नोझलला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह पण असतो, प्रेशर कमी असलं की तो बंद, त्यामुळे आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, बेअरिंगच्या वाट्याचं ऑइल इथे वाया जात नाही.

खरं तर उष्णता वाहून नेण्यात पाणी भारी, तेवढ्याच वजनाचं ऑइल साधारण निम्मीच उष्णता घेतं. म्हणून निव्वळ ऑइलवर भागवायचं तर ते भरपूर फिरवावं लागतं. १९८५ च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० या मोटरसायकलमध्ये हेच केलं होतं, ज्वलनकक्षाच्या माथ्यावर ऑइलचे फवारे, पुढे ऑइल वाऱ्यावर गार करणारा मोठा ऑइल कूलर, आणि पाण्याचं सगळं सामान गायब, म्हणजे वजन कमी.

कूलरकडे जाणाऱ्या वाटेवर बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅट असतो, थंड ऑइल तो कूलरकडे जाऊच देत नाही, कारण थंड ऑइल घट्ट असतं आणि ते लवकर गरम झालेलंच बरं. साधारण ९० ते ११० अंशांत ते नीट काम करतं, फार तापलं की पातळ होतं, बेअरिंगमधला थर कमजोर पडतो आणि ऑइल स्वतःच लवकर खराब व्हायला लागतं.

लेव्हल कमी असली तर तेवढीच उष्णता कमी ऑइलवर पडते, प्रत्येक थेंबाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात आणि संपमध्ये निवायला वेळच मिळत नाही. त्यामुळे डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेलेलं दिसलं की पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका, लगेच टॉप-अप करा.